आत राहिलेली गोळी

ऐका. शेकोटीजवळ सरका जरा, आन् महादू, ती बॅटरी विझव आधी. उजेडात ही गोष्ट सांगता येत नाही मला.

दिवस बुडाला होता. चैताचा महिना, अंधारी रात. आन् हैबती शेलार घरातनं बाहेर पडला. एकटा. खांद्याला रायफल, खिशात काडतुसं, हातात बॅटरी, पाठीला पाण्याचा भोपळा. कुठं निघाला? मोरकुंडाला. आपल्या वाडीच्या वर खिंड आहे ना, तिथनं कड्याच्या अंगाअंगानं एक वाट जायची. आता तिथं कारवी माजलीय, वाट कुणाला दिसत नाही. तेव्हा चांगली मळलेली होती. वर खडकात कुंड. चैतात सगळे झरे आटले तरी त्या कुंडात पाणी. म्हणजे समद्या रानाची जनावरं रात्री तिथं येणार. सांबर येणार, भेकर येणार. आन् जनावर येणार तिथं माणूस दबा धरून बसणार. जगाची रीतच आहे ती.

हैबती एवढ्या रात्री का निघाला? तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दाजीचं वर्षश्राद्ध होतं. दाजी म्हणजे तायाप्पा. हैबतीच्या थोरल्या बहिणीचा, चंद्राआक्काचा नवरा. गावातच दिली होती तिला, चार घरं टाकून. गेलेल्या माणसाला त्याच्या आवडीचं ताट दाखवायचं असतं, आन् तायाप्पाला भेकराच्या मटणाचा भारी नाद. तर हा हैबती चार पाव्हण्यांत छाती काढून म्हणाला, "दाजींच्या ताटाला भेकर मी आनतो."

पाव्हणे म्हणाले, "मेव्हणा असावा तर असा!"

चंद्राआक्का चुलीत लाकूड सारत राहिली.

आता ऐका, तायाप्पा मेला कसा ते. ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गाव म्हणायचं, पोटात कळ येऊन गेला. खरं काय ते एकट्या हैबतीला ठाऊक. म्हणजे, त्याला तरी असंच वाटत होतं.

हैबती आधी कोळशाच्या भट्ट्यांवर रखवालदार होता. ठेकेदार गाशा गुंडाळून गेला, पण त्याची बारकी रायफल हैबतीकडंच राहिली. बावीस नंबरची. गावात तिला 'टूटू' म्हणायचे. लायसन नाही, कागद नाही. पन हैबतीचा जीव तिच्यावर. का? तर आवाज नाही! आपली ठासणीची बंदूक उडाली की धडाड्‌दिशी सगळं खोरं जागं व्हायचं, पार खालच्या चौकीवरचा गार्डसुद्धा. आन् ही? फट्. वाळकी काटकी मोडावी तशी. शेजारच्या वस्तीवरचं कुत्रंसुद्धा मान वर करायचं नाही.

पन आवाज बारका, तशी गोळीपण बारकी. हरभऱ्याचा दाणा बघा, तेवढी. नुसती शिशाची. कानामागं बसली तर जनावर जागच्या जागी बसायचं, पाय झाडायची पन सोय नाही. पन अंधारात, बॅटरीच्या उजेडात, कानामागं बसती व्हय दर बारीला? फऱ्याच्या, म्हणजे खांद्याच्या हाडावर बसली तर चपटी होऊन तिथंच राहायची. तोंडाला बसली तर जबडा लोंबायचा. आन् पोटात बसली तर... आत जायची आन् आतच राहायची. बाहेर यायचीच नाही. वर भोक केवढं? गोचीड चावल्याएवढं. केस मिटले की तेही दिसायचं नाही. रक्ताचा थेंब पडायचा नाही भुईवर. मग माग कशाचा काढणार? जनावर आपलं चाललं. दोन डोंगर ओलांडून जायचं, आन् कुठंतरी पाण्याच्या कडंला, चार चार दिवस झिजून मरायचं. पोटात लागलेल्याला तहान लागते बाबांनो. लई तहान लागते.

आन् हैबती काय म्हणायचा? "चुकली." जनावर पडलं नाही की "चुकली" म्हणायचा आन् दुसरं काडतूस भरायचा. कितीक वेळा चुकली त्याची! वर गिधाडं फिरायची, सगळ्या गावाला दिसायची. हैबती मान वर करायचा नाही.

तायाप्पा तसला नव्हता. तोही शिकारीच, काय साधू नव्हता. पन जखमी जनावर मागं टाकून यायचं नाही, एवढं एक त्याचं होतं.

तर आदल्या साली, शिमगा झाल्यावर, दोघं मोरकुंडाला बसले होते. सांबराची मादी आली पाण्यावर. तायाप्पानं बॅटरी मारली. हैबतीनं फट् केलं. मादी दचकली, पाठ अशी कमानीसारखी वर केली, आन् पळाली.

हैबती म्हणाला, "चुकली."

तायाप्पा म्हणाला, "न्हाई चुकली. पोटात लागलीया. पाठ कशी केली तिनं, बघितली न्हाईस? चल, माग काढू."

"दाजी, मरू द्या ती. रातचं कुठं हुडकायची?"

"मरू द्यायचंच हाय. पन आज. आठ दिवसांनी न्हाई. ऊठ."

निघाले. तायाप्पा पुढं, हैबती मागं. वाकलेलं गवत बघत, उलटलेले दगड बघत. वर कड्याजवळ दिसली ती, खडकाला टेकून उभी. मान खाली. तायाप्पा बाजूनं वर चढला, तिला अडवायला. आन् हैबतीनं थांबावं की नाही? तायाप्पा पुरता बाजूला झालाय का ते बघावं की नाही? नाही बघितलं. फट्! गोळी खडकावर बसली. सुंईंईं करून गाणं म्हणत गेली कुठंतरी. मादी उडाली ती गेलीच.

आन् वरनं तायाप्पा म्हणाला, "आयला! गांधीलमाशी चावली रं."

खाली आला. अंगरखा वर केला. हैबतीनं बॅटरी लावली. बेंबीच्या बाजूला एवढा एक ठिपका. तांबूस. रक्त नाही, काही नाही.

हैबतीनं असला ठिपका किती कातड्यांवर बघितला होता! सोलताना बोटानं चाचपला होता. त्याला बघितल्या बघितल्या कळलं.

तायाप्पा म्हणाला, "आत काय गेलं का रं, हैबती?"

आता ऐका. इथंच सगळं आहे. त्या घटकेला हैबतीनं दाजीला पाठुंगळी मारलं असतं, खाली उतरला असता, बैलगाडी जुंपून तालुक्याला नेला असता, तर? कदाचित वाचला असता तायाप्पा. कदाचित नसताही. पन हैबतीच्या डोळ्यापुढं काय आलं? डाक्टर गोळी काढणार. पोलीस विचारणार, गोळी कुणाची? बंदूक कुणाची? हातात बेड्या. हे सगळं एका घटकेत आलं. आन् तो म्हणाला,

"काय न्हाई दाजी. खरचटलंय. दगडाची कपची उडाली."

तायाप्पानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. जरा वेळ बघितलं. मग अंगरखा खाली केला आन् म्हणाला, "बरं."

वाटेनं त्यानं सारखं पाणी मागितलं. घरी आला तो आडवा झाला. पोट फुगलं, दगडासारखं झालं. चंद्राआक्का रात्रभर त्याचं पोट चोळत बसली. सकाळी हैबती आला. आक्का म्हणाली, "हैबती, डाक्टर आनतोस का?"

हैबती म्हणाला, "वात धरलाय आक्का. ओवा दे. गरम पान्यासंगं ओवा दे."

ओवा! पोटात शिसं घेऊन पडलेल्या माणसाला ओवा! थुंकायलासुद्धा लाज वाटते रे असल्या गोष्टीवर. तिनं दिला. दिवस मावळायला तायाप्पा गेला. आन् तिरडीला पुढनं खांदा कुणी दिला? हैबतीनंच. रडलाही. खोटं नाही रडला. खरंच रडला. माणूस लई चमत्कारिक.

तर असा तो हैबती. वर्षभर टूटू माळ्यावर ठेवलेली, ती त्यानं काढली, पुसली, आन् त्याच दाजीच्या ताटाला भेकर आणायला, त्याच वाटेनं, त्याच कुंडावर निघाला.

खिंडीपर्यंत काय झालं नाही. खिंड ओलांडली आन् रातकिडे थांबले. एकदम! दिवा फुंकावा तसे. हैबती थांबला. मागं कुणीतरी चालत होतं, तेही थांबलं. पुन्हा चालला. पुन्हा मागं पाचोळा वाजला. त्यानं बॅटरी मागं मारली. कुणी नाही. म्हणाला, साळिंदर असंल. माणूस काहीही म्हणतो.

कुंडावर गेला. दगडांचा आडोसा होता, त्यात बसला. बसला, बसला. मग पाण्यावर आवाज आला. लप्‌ लप्‌ लप्‌. जनावर पाणी पीत होतं. हैबतीनं बॅटरी लावली. सांबराची मादी! भेकराच्या जागी सांबर, आणखी बरं! त्यानं नेम धरला. कानामागं. फट्!

गोळी बसल्याचा आवाज आला त्याला. ओल्या पोत्यावर काठी मारल्यागत. पन मादी पडली नाही. दचकली नाही. तिनं पाण्यातनं तोंडसुद्धा काढलं नाही. लप्‌ लप्‌ लप्‌.

दुसरी गोळी. फट्! बसली. मादी पितीय.

तिसरी. मादी पितीयच!

हैबतीच्या तोंडातनं सवयीनं निघून गेलं, "चुकली."

तेव्हा तिनं तोंड वर केलं. त्याच्याकडं बघितलं. आन् पाठ अशी, हळूहळू, कमानीसारखी वर केली.

आरं देवा! बॅटरी हलली, तर कुंडाच्या पलीकडं आणखी डोळे. तिकडं भेकर, जबडा लोंबतोय, पाणी तोंडात जाईना, तरी बुडवतंय आन् बुडवतंय. इकडं एक नर, पुढचा पाय फऱ्यापासनं झुलतोय. मागं आणखी. आणखी मागं आणखी. एकाच्याही अंगावर रक्ताचा थेंब नाही. नुसते ठिपके. सगळी आली, सगळी वाकली, आन् प्यायला लागली. आन् कुंडातलं पाणी, जे कधी आटलं नव्हतं, ते खाली जायला लागलं. डोळ्यादेखत! वीतभर गेलं, हातभर गेलं. तळाचा चिखल दिसायला लागला. तरी लप्‌ लप्‌ लप्‌!

हैबती उठला आन् पळाला. रायफल कुठं पडली, कळलं नाही. पळतोय, पळतोय. आडवा खडक आला, त्याच्या बाजूनं वळला. पुन्हा पळाला. तोच खडक आला! पुन्हा वळला. पुन्हा तोच! चकवा म्हणतात त्याला. वाट तुम्हाला चालवते, तुम्ही वाट चालत नाही.

आन् मग पुढं बॅटरीचा उजेड दिसला. कुणीतरी भुईवर उजेड मारत, वाकून वाकून चाललं होतं. माग काढत. हैबतीला हायसं वाटलं. म्हणाला, कुणीतरी माणूस भेटला! हाक मारली, "ओ पाव्हणं! वाडीची वाट कंची?"

पुढनं आवाज आला, "ये मागनं. माग गावलाय."

हैबतीनं तो आवाज ओळखला. ओळखला, आन् थांबायचं म्हणाला. पाय थांबेनात! पाय त्या उजेडामागं चाललेत. हा झुडपं धरतोय, झुडपं हातात उपटून येतायत. आन् पाय चाललेत!

कड्याजवळ उजेड थांबला. तिथं खडकाला टेकून एक माणूस बसला होता. तोंड अंधारात.

"हैबती, पानी हाय का रं?"

हैबतीनं भोपळा पुढं केला. काय करणार? त्या माणसानं तोंडाला लावला. गट्‌ गट्‌ गट्‌, सगळा भोपळा. आन् हैबतीच्या कानावर दुसराच आवाज आला. खाली वाळक्या पानांवर. टप्‌ टप्‌ टप्‌. मग बारीक धार. वरनं प्यायलेलं पाणी खाली गळत होतं. पोटातनं!

माणसानं भोपळा खाली ठेवला. अंगरखा वर केला.

"बघ की जरा. आत काय गेलं का रं?"

आन् काय सांगू तुम्हाला! वर्ष उलटलेलं, समोर मेलेला माणूस, कडा हातभर पुढं. तरी हैबती काय म्हणाला? "काय न्हाई दाजी. खरचटलंय."

म्हटलं मात्र, आन् त्याच्या स्वतःच्या पोटात डंख बसला. तापलेली सुई घुसावी तसा. तो एक पाऊल पुढं गेला. आपोआप. कड्याकडं.

"नीट बघ. आत काय गेलं का?"

"दगडाची कपची... कपची उडाली दाजी!"

पुन्हा डंख. आणखी एक पाऊल. पायाखालचा दगड सुटला आन् खाली गेला. खाली पडल्याचा आवाज लवकर आलाच नाही.

"हैबती. बघ."

तेव्हा हैबती ओरडला. सगळ्या खोऱ्यात घुमलं असंल. "गोळी हाय! आत गोळी हाय दाजी! माझी गोळी हाय! मला ठावं हुतं! बघितल्या बघितल्या ठावं हुतं!"

"मग डाक्टर का न्हाई आनलास?"

"भ्यालो! मी भ्यालो दाजी!"

त्या माणसानं अंगरखा खाली केला. म्हणाला, "बरं."

तेवढंच. बॅटरी विझली.

उजाडताना एक धनगर शेरडं घेऊन वर आला, त्याच्या कुत्र्यांनी हैबतीला हुडकलं. कड्याच्या ओठावर बसला होता, दोन्ही पाय खाली सोडून, हातानं एक कारवीचं खुंट धरून. बोटं उघडेनात. धनगरानं एकेक बोट सोडवून त्याला मागं ओढला. वाचला! असा केसाएवढ्या अंतरानं वाचला.

पन थांबा. उठू नका. गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं.

हैबती तडक चंद्राआक्काच्या घरी गेला. ती अंगणात सडा टाकत होती. त्यानं तिचे पाय धरले आन् सगळं सांगितलं. खडक, गोळी, ओवा, सगळं. रडत रडत सांगितलं. आता मला पोलिसांत दे म्हणाला. मारून टाक म्हणाला.

आक्कानं शेणाचा हात बादलीत धुतला. म्हणाली, "ठावं हाय मला."

हैबती वर बघायला लागला.

"रातभर त्यांचं अंग चोळत हुते मी. पोट चोळलं, कुशीवर केलं, पाठ चोळली. हितं, बरगडीच्या खाली, कातड्याच्या आत, दाना लागला हाताला. हरभऱ्यागत. दाबला की सरकायचा. मी म्हनलं, अवं, हे काय? तर त्यांनी माझा हात धरला. म्हनले, गप ऱ्हा. तुझ्या भावाला घिऊन जातील. त्याची पोरं उघड्यावर पडतील. सकाळी तू ओवा सांगितलास, तर म्हनले, दे मग."

"आक्का... तू पन...?"

"सकाळी तुला मी डाक्टर आन म्हनलं हुतं. का म्हनलं? मी पळत गेले असते तालुक्याला. पन मला वाटलं, तुझ्या तोंडातनं यावं. हैबती, निस्तं हू म्हनला असतास. दिवसभर वाट बघत हुतो आमी दोघं. त्ये डोळं उघडायचं आन् तुझ्याकडं बघायचं. तू तिथंच बसला हुतास. उशाशी."

पाव्हणे यायला लागले होते. आक्का उठली, पदर खोचला, आन् आत गेली. श्राद्धाला डाळ-भात केला. ताट दाखवलं. हैबतीलाही पान वाढलं, सगळ्यांच्या बरोबर, कमी नाही, जास्त नाही. त्याला घास गिळता येईना. पाणी प्यायला तेवढं. तांब्यावर तांब्या.

पुढं कितीतरी वर्षं जगला हैबती. आक्काही जगली. चार घरांचं अंतर. पन त्या दिवसापासनं तिनं त्याला नावानं हाक मारली नाही. सणाला ताट पाठवायची, पोराच्या हाती. स्वतः उंबरा चढली नाही. मी तिला एकदा विचारलं होतं, म्हातारी झाली होती तेव्हा. म्हटलं, आक्का, आता तरी माफ कर की. म्हणाली, "माफ तर त्यांनी तवाच केलं हुतं, जित्तेपनी. माझ्याकडं काय उरलंय माफ करायला? माझ्याकडं त्यो दिवस हाय निस्ता."

तर ऐका. तुमच्यात कुणाकुणाच्या घरात बारक्या बंदुका आहेत, मला ठाऊक आहे. चैत आला की तुमचे डोळे वर खिंडीकडं जातात, तेही ठाऊक आहे. मोरकुंडाच्या वाटेला जाऊ नका. दिवसासुद्धा नको. तिथं अजून अंधार पडला की कुणीतरी विचारतं, आत काय गेलं का रं? आन् आपल्यातला कुणीही असला ना, पहिल्या बारीला तो खोटंच बोलणार. दुसऱ्या बारीलाही. आन् कडा तिथनं हातभरच आहे.

जा आता. निजा. आन् जाताना एकेकटं जाऊ नका.